मावळात धंदा टाकायचाय? आधी लोकलचा पास काढा, मग भाडेकरार करा



परवा पिंपरीहून एका ताईंचा फोन आला. नवरा-बायको दोघं घरून डबे देतात, मुलगी चौथीत आहे. आता नाश्ता-जेवणाचं छोटं हॉटेल टाकायचंय. पिंपरीतलं भाडं झेपत नाही म्हणून बिऱ्हाडच मावळात हलवायचं ठरवलंय. साठवलेले तीन लाख रुपये हातात आहेत. त्या म्हणाल्या, "सर, रविवारी लोणावळ्यात गाळा बघितला. बाहेर पाय ठेवायला जागा नव्हती. उद्या टोकन देतोय, देऊ ना?"

मी म्हटलं, "ताई, थांबा. आधी बुधवारी जाऊन या."

हे मी शहाणपणानं नाही, पोळलेल्या हातानं सांगतोय. माझा पहिला धंदा लोणावळ्यातच होता. चहा, भजी आणि भाजलेली कणसं. जुलैतल्या एका रविवारी गर्दी बघितली आणि त्याच संध्याकाळी गाळा पक्का केला. शनिवार-रविवारी हात पुरायचे नाहीत आणि उरलेले पाच दिवस मी आणि हाताखालचा पोरगा एकमेकांची तोंडं बघत बसायचो. पाऊस संपला तसे शनिवार-रविवारही पातळ झाले. अकरा महिन्यांचा करार पाचव्या महिन्यात मोडला आणि डिपॉझिट गेलं. चूक घरमालकाची नव्हती. मी गर्दी बघितली होती, गिऱ्हाईक बघितलंच नव्हतं.

बुधवारच का?

शनिवार-रविवार पर्यटकांचे. मंगळवार देवीचा वार, म्हणजे कार्ल्याला एकवीरा आईच्या दर्शनाला येणारी माणसं जास्त. बुधवारी यातलं काही नसतं. त्या दिवशी जो माणूस तुमच्या दारात येईल, तोच वर्षभर तुमचं भाडं भरणार आहे. फक्त त्या गावाचा आठवडे बाजार बुधवारी नाही ना, तेवढं आधी विचारून घ्या.

पुणे-लोणावळा लोकलच्या मार्गावर तासाभराच्या आत एकमेकांपासून अगदी वेगळी गावं आहेत. प्रत्येकाचं गिऱ्हाईक वेगळं आणि कमाईचे दिवसही वेगळे. एकेक बघू.

लोणावळा-खंडाळा: गिऱ्हाईक बाहेरचं, खिसा मोकळा, पण येणार सुट्टीला आणि पावसाळ्यात. ३० जून २०२४ ला भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. त्यानंतर पर्यटनस्थळांवर वेळेची आणि पाण्यात उतरण्याची बंधनं आली. ती योग्यच होती. पण ऐन सीझनमध्ये अशी बंधनं येऊ शकतात, हे धरून हिशेब मांडायला हवा. दुसरी गोष्ट पावसाची. पुणे शहरात वर्षाला साधारण ७०० मिमी पाऊस पडतो, लोणावळ्यात ४,००० मिमीच्या वर. पापड, मसाले, फरसाण असा कोरडा माल बनवणार असाल तर तिथली ओल तुमचा पहिला शत्रू. चिक्की विकणारे माल हवाबंद ठेवतात, ते उगाच नाही.

मळवली-कार्ला: एकवीरा, कार्ला आणि भाजे लेणी, लोहगड, विसापूर सगळं इथंच. २०२५ मध्ये लोहगड युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला, त्यामुळे पाहुणे वाढतील. चैत्रातली यात्रा आणि नवरात्र म्हणजे धंद्याचे दिवस. जोडधंद्याला जागा छान, पण एकट्या यावर घर चालवायचं असेल तर मधले महिने कसे काढणार, हे आधी लिहून काढा.

कामशेत: ही शेतकऱ्याची बाजारपेठ. नाणे मावळ आणि पवन मावळातली गावं खरेदीला इथं उतरतात. भात निघाला की हातात पैसा येतो. गिऱ्हाईक ओळखीचं होतं, पुन्हा पुन्हा येतं, पण उधारीची वही पण सोबत येते. त्यासाठी मन घट्ट पाहिजे.

वडगाव: तालुक्याचं गाव. तहसील, कोर्ट, पंचायत समिती इथंच. सातबारा, दाखला, तारीख अशा कामांसाठी सगळा मावळ इथं येतो आणि दुपारी त्याला भूक लागते. पण फेब्रुवारी २०२० अखेरपासून सरकारी कार्यालयांचा आठवडा पाच दिवसांचा झालाय. म्हणजे लोणावळा जे दोन दिवस कमावतं, नेमके तेच दोन दिवस इथली कचेरी बंद.

तळेगाव दाभाडे: राहती वस्ती, शाळा, दवाखाने आणि जवळ एमआयडीसी. गिऱ्हाईक रोजचं आहे, पण दुकानंही भरपूर, त्यामुळे स्पर्धा जास्त. आणि एक धडा लक्षात ठेवा. इथला जनरल मोटर्सचा कारखाना २००८ ला सुरू झाला आणि डिसेंबर २०२० मध्ये तिथलं उत्पादन थांबलं. पुढे ह्युंदाईनं तो घेतला, पण मधला काळ गेलाच. म्हणून एकाच गेटच्या भरवशावर मेस टाकू नका. निम्मं गिऱ्हाईक वस्तीतलं असू द्या.

आता हिशेब मांडू

पुढचे आकडे समजण्यासाठी धरलेत, तुम्ही तुमचे घाला. एका थाळीमागे २० रुपये सुटतात असं समजा.

• लोणावळ्यात भाडं १५,००० आणि खऱ्या कमाईचे दिवस महिन्याला ८. दिवसाचं भाडं १,८७५ रुपये. फक्त भाडं निघायला ९४ थाळ्या.
• तळेगावात भाडं १२,०००, दिवस २६. दिवसाचं ४६२ रुपये. म्हणजे २४ थाळ्या.
• वडगावात भाडं ९,०००, दिवस २२. दिवसाचं ४०९ रुपये. म्हणजे २१ थाळ्या.

बघितलंत? भाड्यात फरक सहा हजारांचा, पण रोजच्या थाळ्यांमध्ये चौपटीहून जास्त. भाडं कधीही महिन्यानं मोजू नका, कमाईच्या दिवसानं मोजा.

याचा अर्थ लोणावळा वाईट असा नाही. ज्यांचा माल टिकतो, ज्यांना हॉटेलं आणि बंगल्यांच्या ऑर्डरी मिळतात, ज्यांच्याकडे मंदीचे चार महिने काढायला पैसे बाजूला आहेत, त्यांनी खुशाल जावं. तीन लाखांत घर, शाळा आणि धंदा तिन्ही बसवायचं असेल, तर रोज थोडं देणारं गाव बरं.

टोकन देण्याआधी ही चार कामं करा

१. महिनाभर बिऱ्हाड हलवू नका. लोकलचा महिन्याचा पास काढा, वेगवेगळ्या वारी जा, सकाळी, दुपारी आणि रात्री आठला जा. वही घेऊन बसा. दर तासाला किती माणसं गेली, किती थांबली, कुणी काय घेतलं, लिहा. ही लोकल मुंबईसारखी चार-चार मिनिटांनी नसते. ती चुकली तर किती वेळ जातो, हेही कळेल.

२. शेजारच्या दुकानदाराला "धंदा कसा आहे?" विचारू नका, खरं उत्तर मिळणार नाही. "आधीचा भाडेकरू का गेला?" हे विचारा.

३. जागेचे कागद बघा. बांधकाम कुणाच्या नावावर, नगरपरिषद किंवा ग्रामपंचायतीच्या नोंदीत आहे का, धंद्यासाठी वापर चालतो का. शॉप अॅक्ट आणि एफएसएसएआयची नोंदणी याच पत्त्यावर होणार आहे.

४. करार नोंदणीकृतच करा. मधेच सोडलं तर डिपॉझिटचं काय, हे कलम मोठ्यानं वाचून घ्या. मी वाचलं नव्हतं.

आणि हो, मुलांना विसरू नका. शनिवार-रविवारी आईबाप गल्ल्यावर असतील, तर लेकराजवळ कोण? हा प्रश्न हिशेबाच्या वहीत बसत नाही, पण घर त्यावरच चालतं.

ताई बुधवारी जाऊन आल्या. लोणावळ्यातल्या त्या गाळ्यासमोर दोन तास बसल्या, सात माणसं थांबली. येताना वडगावला उतरल्या आणि तहसीलबाहेर दुपारची गर्दी मोजली. शनिवार-रविवारी डब्यांच्या ऑर्डरी घ्यायच्या आणि पाच दिवस हॉटेल चालवायचं, असा विचार आता चाललाय. अजून ठरलेलं नाही. पास काढलाय, टोकनचे पैसे बँकेतच आहेत.

तुम्हीही येत्या बुधवारी वही घेऊन निघा.