जिंकणाऱ्याला नारळ

गेल्या खेपेला आपण कार्यकारणभावावर बोललो आणि बाहेर पडताना दोघातिघांनी आम्हाला दारातच गाठलं. म्हणाले, सर, घट आणि कुंभार पुष्कळ झाले, आता एखादं वर्तमानपत्रातलं उदाहरण घ्या. तक्रार रास्त होती. आयुष्यभर आम्ही फळ्यावर तोच एक घट काढत आलो. तेव्हा आज क्रिकेटच्या एका प्रशिक्षकाबद्दल बोलू. कुंभार मध्येच परत येईल, त्याला इलाज नाही.

चंद्रकांत पंडित हे नाव इथल्या चाळिशीपुढच्या बहुतेकांना ठाऊक असेल. आचरेकर सरांचे शिष्य, यष्टिरक्षक, भारतासाठी 5 कसोटी आणि 36 एकदिवसीय सामने खेळले. 1987 च्या विश्वचषकात वानखेडेवर इंग्लंडकडून आपण उपांत्य सामना हरलो, त्या संघात ते होते. पण आज आपल्याला त्यांच्या फलंदाजीशी कर्तव्य नाही. ते पुढे प्रशिक्षक झाले. मुंबईने 2002-03 आणि 2003-04 असे लागोपाठ दोन रणजी करंडक जिंकले, तेव्हा प्रशिक्षक पंडितच होते.

मग ते पुन्हा मुंबईकडे आले. फेब्रुवारी 2016 मध्ये पुण्याला मुंबईने सौराष्ट्राला एक डाव आणि 21 धावांनी हरवलं. मुंबईचा तो 41वा करंडक. श्रेयस अय्यर नावाच्या तरुण पोराने त्या एका हंगामात 1321 धावा केल्या होत्या. पुढच्या हंगामातही मुंबई अंतिम फेरीत गेली. इंदूरला, होळकर स्टेडियमवर, गुजरातने चौथ्या डावात 312 धावांचं लक्ष्य गाठलं, पार्थिव पटेलने 143 केल्या आणि मुंबई पाच गड्यांनी हरली. म्हणजे दोन हंगामांत एक विजेतेपद आणि एक उपविजेतेपद. कुठल्याही शाळेत हा मुलगा पहिला-दुसरा आला असं म्हणतील. मुंबईने मात्र 2017 च्या हंगामाला प्रशिक्षक बदलला. पंडितांच्या जागी समीर दिघे आले.

याला हकालपट्टी म्हणायचं का? कागदावर नाही. आपल्याकडे सहसा कुणी कुणाला काढत नाही, करार संपतो आणि नवा होत नाही. पण मराठीत त्यालाच नारळ देणं म्हणतात. नारळ मोठा गमतीचा आहे. सत्कारालाही तोच आणि निरोपालाही तोच. घेणाऱ्याला कधीकधी घरी गेल्यावर कळतं की यातला कुठला मिळाला.

पंडित विदर्भात गेले. विदर्भाने तोवर रणजीची अंतिम फेरी एकदाही पाहिली नव्हती. पहिल्याच हंगामात काय झालं बघा. डिसेंबर 2017 मध्ये नागपूरला उपांत्यपूर्व सामन्यात कर्नाटकाने मुंबईला डावाने हरवून घरी पाठवलं. तेच कर्नाटक पुढच्या फेरीत कोलकात्याला विदर्भासमोर आलं आणि पाच धावांनी हरलं. रजनीश गुरबानीने दुसऱ्या डावात सात बळी घेतले. त्याच गुरबानीने इंदूरच्या अंतिम सामन्यात हॅटट्रिक केली आणि 1 जानेवारी 2018 ला फैज फजलच्या विदर्भाने दिल्लीला नऊ गडी राखून हरवलं. मैदानही तेच, होळकर स्टेडियम. साधारण एक वर्षापूर्वी तिथेच मुंबईचा पराभव बघून पंडित परतले होते. पुढच्या वर्षी नागपूरला विदर्भाने सौराष्ट्राला हरवून करंडक राखला. आदित्य सरवटेने त्या सामन्यात अकरा बळी घेतले, पुजारा दोन्ही डावांत त्याचाच.

नंतर पंडित मध्य प्रदेशाकडे गेले. होळकर संघाचे जुने चार करंडक सोडले, तर मध्य प्रदेशाकडे एकही नव्हता. जून 2022 मध्ये बेंगळुरूच्या चिन्नास्वामी स्टेडियमवर अंतिम सामना झाला आणि समोर होती मुंबई. मध्य प्रदेशाने सहा गड्यांनी जिंकला. पंडित मैदानावर रडले, ते चित्र अनेकांनी पाहिलं असेल. त्याला आणखी एक पदर आहे. 1999 मध्ये याच मैदानावर मध्य प्रदेशाचे कर्णधार म्हणून ते रणजीचा अंतिम सामना खेळले होते आणि पहिल्या डावात आघाडी घेऊनही कर्नाटकाकडून हरले होते.

आता तुम्ही म्हणाल, सर, गोष्ट संपली, मुंबई चुकली. आम्हालाही प्रथम असंच वाटलं होतं. पण इतक्या घाईने निकाल देऊ नये, म्हणून कुंभाराला बोलवावं लागतं.

न्यायशास्त्रात ‘अन्यथासिद्ध’ अशी एक कल्पना आहे. कार्याच्या आधी जे जे हजर असतं, ते सगळं कारण नसतं. घट घडला त्याआधी माती आणणारं गाढव होतं, कुंभाराचा बाप होता, चाक फिरवायच्या काठीला काहीतरी रंग होता. विश्वनाथ पंचाननांच्या ‘भाषापरिच्छेदा’त या गाढवाला आणि या बापाला सरळ यादीत घातलं आहे. हजर होते, पण कारण नव्हते. त्यांच्यावाचूनही घट झाला असता.

जिंकणाऱ्या प्रशिक्षकाला नारळ देणारी कुठलीही समिती मनातल्या मनात हाच युक्तिवाद करत असते. मुंबई काय, पंडितांच्या आधीही जिंकतच होती. 41 करंडक काही एका माणसाने आणले नाहीत. शिवाजी पार्क आहे, आझाद मैदान आहे, कांगा लीग आहे. म्हणजे प्रशिक्षक हजर होता, पण माती वाहणाऱ्याइतकाच. आणि मंडळी, हा युक्तिवाद मूर्खपणाचा नाही. एखाद्या जुन्या, श्रीमंत परंपरेच्या संघात कोण कारण आणि कोण नुसता हजर, हे आतून ठरवता येत नाही.

ते ठरवायची जुनी रीत म्हणजे अन्वय आणि व्यतिरेक. तो असतो तिथे कार्य होतं का, आणि तो नसतो तिथे होत नाही का? सहसा माणसांवर हा प्रयोग करता येत नाही. इथे नकळत झाला. मुंबईने पंडितांना सोडलं आणि त्यामुळेच पंडित हे कारण आहेत की नाहीत, हे तपासायची सोय झाली. अन्वय भक्कम आहे. जिथे कधीच करंडक नव्हता अशा दोन ठिकाणी ते गेले आणि दोन्हीकडे आला. व्यतिरेक मात्र लंगडा आहे. मुंबई पुढची काही वर्षं कोरडी राहिली खरी, पण 2023-24 मध्ये पंडितांशिवाय जिंकली, वानखेडेवर, विदर्भाला हरवून. आणि त्याच विदर्भाने पुढल्या वर्षी पंडितांशिवाय करंडक घेतला. शिवाय विदर्भाकडे तेव्हा वसीम जाफर होता, तोही मुंबईचाच. तेव्हा ते गाढव नव्हेत एवढं नक्की. एकटे कारण होते, असंही नाही.

न्यायशास्त्र कुंभाराला ‘निमित्तकारण’ म्हणतं. माती हे समवायी कारण, आणि घडवणारा तो निमित्तकारण. फार मानाचा शब्द आहे तो. पण रोजच्या मराठीत निमित्त म्हणजे काय? सबब. ‘तापाचं निमित्त झालं आणि म्हातारा गेला.’ प्रशिक्षकाचं आयुष्य या दोन अर्थांच्या मधे जातं. घेताना तो शास्त्रातलं निमित्त असतो, हा संघ घडवेल म्हणून. हरल्यावर तो घरगुती निमित्त होतो.

दुसरा प्रश्न याहून अवघड आहे. यश म्हणजे कुणाचं यश? इथे थोडं अमेरिकेत जाऊन येऊ. तिथे बेसबॉलच्या मोठ्या लीगमध्ये 30 क्लब आहेत आणि प्रत्येकाचे खालच्या पायऱ्यांवर चार-चार संघ, असे 120. त्यांना मायनर लीग म्हणतात. गावोगावी हे संघ आहेत, गावकरी तिकीट काढून जातात, आपला संघ जिंकावा म्हणून ओरडतात. पण त्या संघाचा मॅनेजर, म्हणजे आपल्या भाषेत प्रशिक्षक, तो गावाचा नोकर नसतो. त्याला नेमतो आणि पगार देतो दूरचा मोठा क्लब. त्या क्लबाला गावाच्या करंडकाचं फारसं सोयरसुतक नसतं. त्याला वर पाठवायला खेळाडू हवे असतात. म्हणून तिथे भरपूर सामने जिंकून देणारा मॅनेजरही जाऊ शकतो, आणि गाव हळहळतं. गावाच्या हिशेबाने तो पास, मालकाच्या हिशेबाने नापास.

आपली रणजीही अशी दुहेरी आहे. करंडक जिंकायचा आणि भारतीय संघाला खेळाडूही द्यायचे. आपल्या संभाजीनगरातल्या मुलांना तर हे चांगलं कळतं. इथला मुलगा महाराष्ट्राकडून खेळतो, आणि महाराष्ट्राने शेवटचा रणजी करंडक जिंकला 1940-41 मध्ये, देवधरांच्या काळात. पण खेळाडू दिलेच ना. आपला इक्बाल सिद्दीकी घ्या. डिसेंबर 2001, मोहाली, इंग्लंडविरुद्ध कसोटी. नव्या चेंडूने गोलंदाजी केली, आणि जिंकायला पाचच धावा हव्या होत्या तर त्यालाच सलामीला पाठवलं. भारत दहा गडी राखून जिंकला. तो त्याचा पहिला कसोटी सामना आणि तोच शेवटचा. असो. विषयाला थोडंसं सोडून झालं, पण या शहरात उभं राहून ते न बोलणं बरं दिसलं नसतं.

मुद्दा असा, की पंडित कडक शिस्तीचे, हे जगजाहीर आहे. अशा माणसाखाली एखादा संघ फुलतो आणि एखादा घुसमटतो. ज्या संघाला जिंकायचं कसं हेच माहीत नाही, त्याला ती शिस्त औषधासारखी लागते. ज्याच्या घरात तेव्हा 41 करंडक होते, त्याला कदाचित तीच जाच वाटली असेल. तेव्हा ‘जिंकला तरी काढला’ या वाक्यातला ‘तरी’ आपण समजतो तितका निर्विवाद नाही.

याचा आणखी एक नमुना कोलकात्यात दिसला. पंडित ऑगस्ट 2022 मध्ये नाइट रायडर्सचे मुख्य प्रशिक्षक झाले. 2024 ला संघाने आयपीएल जिंकली. कर्णधार होता श्रेयस अय्यर, तोच 1321 धावांचा. पण श्रेयाचा मोठा वाटा मेंटॉर गौतम गंभीर यांच्याकडे गेला आणि ते लगेच भारताचे प्रशिक्षक झाले. विजेत्या कर्णधाराला संघाने कायम ठेवलं नाही, तो पंजाबकडे गेला आणि त्यांना 2025 च्या अंतिम सामन्यापर्यंत घेऊन गेला. कोलकाता त्या वर्षी आठव्या क्रमांकावर राहिलं, आणि जुलै 2025 मध्ये पंडितांचाही संघाशी संबंध संपला.

आणि हे आजचं आहे असं समजू नका. अजित वाडेकरांनी 1971 मध्ये वेस्ट इंडिज आणि इंग्लंड, दोन्हीकडे मालिका जिंकल्या. इंदूरला त्या विजयाची भलीमोठी काँक्रीटची बॅट उभारली गेली. 1974 ला आपण इंग्लंडमध्ये 3-0 हरलो, लॉर्ड्सवर 42 धावांत बाद झालो, तर लोकांनी तीच बॅट विद्रूप केली. वाडेकरांना पश्चिम विभागाच्या संघातूनही वगळलं, आणि ते निवृत्त झाले.

मग जिंकणाऱ्याचा पदावर हक्क असतो का? आमचं उत्तर, नसतो. पद हे बक्षीस नव्हे. ते पुढच्या कामासाठी असतं, मागच्या कामाची परतफेड म्हणून नाही. गीतेचा फळावर हक्क नसल्याचा उपदेश आपण सगळे देतो. गंमत एवढीच की संस्था तो उपदेश प्रशिक्षकाला करतात आणि स्वतः मात्र निव्वळ फळ बघून निर्णय घेतात. पण पदावर हक्क नसला, तरी एका गोष्टीवर त्याचा हक्क राहतो असं आम्हाला वाटतं. का काढलं, ते त्याला सांगितलं गेलं पाहिजे. तुझं कामच कारण नव्हतं असं आम्हाला वाटतं, किंवा आमचं उद्दिष्ट वेगळं आहे, किंवा तुझी रीत आमच्या पोरांना झेपत नाही. यातलं जे असेल ते, तोंडावर. कारण न देता काढलेल्या माणसाला पुढे सुधारताही येत नाही आणि भांडताही येत नाही.

हे आम्ही एवढ्या जोराने का म्हणतो, तेही सांगून टाकतो. पुष्कळ वर्षांपूर्वी एका महाविद्यालयाच्या समितीवर आम्ही बसलो होतो. नाव घेत नाही. तिथे तासिका तत्त्वावर एक क्रीडा शिक्षक होते. खो-खोचा मुलींचा संघ त्यांनी शून्यातून उभा केला, तीन वर्षांत दोनदा आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा जिंकली. पहाटे साडेपाचला मैदानावर, मुलींच्या घरी जाऊन पालकांची समजूत काढणं, सगळं. चौथ्या वर्षी त्यांना पुन्हा घ्यायचं नाही असं ठरलं. ते तोंडाने फटकळ होते आणि मैदानाच्या पैशांचा हिशेब सर्वांसमोर मागत. बैठकीत हे कुणी उच्चारलं नाही. कुणीतरी म्हणालं, संघ आता तयार आहे, कुणीही चालवेल. म्हणजे ते गाढवच ठरले, बघा. आम्ही न्यायशास्त्र शिकवणारे, आम्हाला त्या वाक्यातला दोष तिथल्या तिथे दिसला होता. पण चहा आला, पुढचा विषय निघाला, आणि आम्ही सही केली.

दोनेक वर्षांनी ते गृहस्थ आम्हाला स्टेशनवर भेटले. दुसऱ्या जिल्ह्यात एका शाळेत लागले होते. आदराने वाकले. म्हणाले, सर, तुम्ही होतात त्या बैठकीत, माझं नेमकं काय चुकलं होतं? आम्ही म्हणालो, काही नाही हो, धोरण बदललं. गाडी यायला वीस मिनिटं होती. ती वीस मिनिटं आम्ही त्यांच्याशी पावसापाण्यावर बोललो.

आता तुमचे प्रश्न घेऊ. मागे कुणीतरी हात केव्हाचा वर केला आहे, त्यांना माइक द्या.