घर बांधणारा आणि घरात राहणारा : गावातील एक प्रश्न

गृहनिर्माणक्षेत्रातील संघटनांचा विचार करू लागताच अभ्यासकाची दृष्टी सहजच मुंबई-पुण्याकडे वळते. परंतु जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातील कुंभार पिंपळगावासारखे गाव समोर ठेवून हाच विचार केला, म्हणजे या संघटना कोणत्या गृहीतावर उभ्या आहेत ते अधिक स्पष्ट होते.

ते गृहीत असे की, घर बांधणारा एक आणि त्यात राहणारा दुसरा. १९१५ साली मुंबईत गावदेवी येथे राव बहादूर तल्मकी यांच्या पुढाकाराने सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था निघाली. भाडेकरूंनीच संस्थेच्या रूपाने मालक व्हावे, हे तिचे तत्त्व होते. सभासद एका ज्ञातीचे असल्याने परस्परविश्वास आयता मिळाला. पुढे शहरात बांधणाऱ्यांचा स्वतंत्र व्यवसाय वाढला, आणि १९९९ मध्ये विकासकांची 'क्रेडाई' ही देशव्यापी संघटना स्थापन झाली. दुसऱ्या बाजूस मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून उभी होतीच. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने या दोन्ही प्रकारच्या संघटनांना तंटे सामोपचाराने मिटविण्याच्या कामी स्थान दिले. 'महारेरा'ने २०१८ साली सुरू केलेल्या सलोखा मंचात दोन्ही पक्षांचे प्रतिनिधी एकत्र बसू लागले. ही व्यवस्था उपयुक्त आहे, यात शंका नाही. पण तिला तंट्यासाठी दोन संघटित पक्ष लागतात.

मराठवाड्यातील खेड्यात राहणारा हाच बांधणारा असे. पांढऱ्या मातीच्या भिंती, लाकडी तुळया, त्यांवर मातीचे माळवद, आणि पावसाळ्यापूर्वी त्यावर पुन्हा मातीचा थर, अशी ही घरे. सुतार, लोहार, कुंभार हे बलुतेदार गावाशी वतनाने बांधलेले असत. योगायोग असा की, या व्यवस्थेचे वर्णन करणारा त्रिंबक नारायण आत्रे यांचा 'गावगाडा' हा ग्रंथही १९१५ सालचाच. बलुत्याचे गोडवे गाण्याचे कारण नाही. ती जन्मावर आधारलेली, विषमतेची व्यवस्था होती. शिवाय बलुते मुख्यतः शेतीच्या अवजारांच्या कामाबद्दल मिळे, घराच्या कामाची मजुरी बहुधा निराळी ठरे. तरीही काम बिघडले तर कोणाकडे जावयाचे, हे गावात सर्वांना ठाऊक असे.

आज माळवदाच्या जागी सिमेंटचा स्लॅब येतो आहे. काम मजुरीने किंवा अंगावर घेतलेल्या ठेक्याने होते, आणि करार बहुधा तोंडी असतो. पाचशे चौरस मीटरपर्यंतच्या जागेवरील किंवा आठ सदनिकांपर्यंतच्या प्रकल्पास २०१६ च्या कायद्याने नोंदणीची सक्ती नाही. स्वतःच्या जागेत स्वतःसाठी घर बांधणारा तर त्याच्या कक्षेत मुळीच येत नाही. २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण विभागातही घर लाभार्थ्यानेच बांधावयाचे असते, ठेकेदार नेमावयाचा नसतो. स्वावलंबनाच्या दृष्टीने हे योग्यच. पण स्लॅब गळू लागला की हाच लाभार्थी एकटा पडतो. ग्राहक आयोगाचा मार्ग त्यास मोकळा आहे. मात्र तोंडी ठरलेले काम तेथे सिद्ध करणे सोपे नव्हे.

गवंड्याची अवस्था याहून चमत्कारिक आहे. बांधकाम कामगारांसाठीच्या १९९६ च्या कायद्याने, दहा लाख रुपयांपर्यंत खर्चाचे स्वतःचे घर बांधविणाऱ्या व्यक्तीस आपल्या व्याख्येतून वगळले होते. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने ही मर्यादा पन्नास लाखांवर नेली. खेड्यातील बहुतेक घरे या मर्यादेच्या आतलीच. कल्याणकारी लाभांसाठी मात्र वर्षातून नव्वद दिवस बांधकामावर काम केल्याचे दाखवावे लागते. हे नव्वद दिवस ज्याने गावातील दहा-बारा घरांत विखरून घालविले, त्यास दाखला कोणी द्यावा ? घरमालक कायद्याने मालक ठरत नाही, आणि गवंड्यांची संघटना गावात क्वचितच असते. मग तो ग्रामपंचायतीच्या दारात जातो. तेथे त्याच्या कामाची कोणतीही नोंद ठेवलेली नसते. ज्यांच्या भिंती त्याने उभारल्या त्या शेजाऱ्यांच्या सांगण्यावरच सारे अवलंबून राहते.