बँकेचा उतारा व रोजकीर्द यांचा मेळ

सोयाबीनची मळणी उरकून माल बाजारात जाऊ लागला, की शेतकरी उत्पादक कंपनीच्या बँक खात्यातील उलाढाल एकदम वाढते. व्यापाऱ्यांकडून रकमा येतात. सभासदांना मालाच्या किमतीचे धनादेश दिले जातात. अशा वेळी बँकेच्या उताऱ्यातील शिल्लक व कंपनीच्या रोजकीर्दीतील शिल्लक क्वचितच सारखी असते. उताऱ्यात दिसणारी सारी रक्कम हाती आहे असे समजून संचालकांनी नवे धनादेश काढल्यास ते न वटता परत येण्याचा संभव असतो. त्यात कंपनीची पत जाते आणि सभासदांचा विश्वासही ढळतो. म्हणून दरमहा बँक मेळपत्रक तयार करणे अगत्याचे आहे.

फरक का पडतो?

काही नोंदी कंपनीच्या वहीत आधी होतात, तर काही बँकेत. सभासदाने धनादेश बँकेत भरला नसेल, तर ती रक्कम उताऱ्यात खर्ची पडलेली नसते. उलट, बँकेने कापलेला आकार, परस्पर जमा झालेली रक्कम किंवा परत आलेला धनादेश यांची नोंद वहीत राहून जाते. कंपनीच्या खतावणीत बँकेच्या नावे पडलेली रक्कम बँकेच्या उताऱ्यात जमेकडे दिसते, हेही ध्यानात ठेवावे.

मेळ कसा घालावा?

प्रथम मागील महिन्याचे मेळपत्रक समोर घ्यावे. नंतर दोन्हीकडील प्रत्येक रकमेवर खूण करीत जावे. ज्यांवर खूण झाली नाही, त्याच फरकाच्या बाबी होत. समजा, ३१ ऑक्टोबर रोजी स्थिती पुढीलप्रमाणे आहे :

रोजकीर्दीतील शिल्लक : रु. १,८४,५००
अधिक, व्यापाऱ्याने परस्पर जमा केलेले : रु. २७,५००
वजा, परत आलेला धनादेश : रु. ३२,०००
वजा, बँकेचा आकार : रु. २४०
खरी शिल्लक : रु. १,७९,७६०

उताऱ्यातील शिल्लक : रु. २,०७,७६०
वजा, सभासदांनी न वटविलेले धनादेश : रु. ४६,०००
अधिक, भरणा केलेला परंतु जमा न झालेला धनादेश : रु. १८,०००
खरी शिल्लक : रु. १,७९,७६०

पहिल्या भागातील तिन्ही नोंदी रोजकीर्दीत ताबडतोब कराव्यात. दुसऱ्या भागातील बाबींची नोंद करावयाची नसते. त्या पुढील महिन्यात मिटल्या की नाही, एवढे पाहावे. तारखेपासून तीन महिने उलटलेला धनादेश बँक वटवीत नाही. तो रद्द करून सभासदास नवा द्यावा.

एवढे करूनही फरक राहिल्यास त्याला ९ ने भाग देऊन पाहावा. निःशेष भाग गेल्यास अंकांची अदलाबदल झाली असण्याचा संभव असतो. उदाहरणार्थ, ५,४३० ऐवजी ५,३४० लिहिल्यास ९० चा फरक पडतो.

विलंब नको

खात्यात पुरेशी रक्कम नसल्याने व्यापाऱ्याचा धनादेश परत आल्यास, परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ च्या कलम १३८ खाली दाद मागण्यासाठी, बँकेची सूचना मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत लेखी मागणी करावी लागते. वर्षअखेरीस हिशेब पाहणाऱ्या कंपनीच्या हातून ही मुदत निघून जाते आणि सभासदांच्या मालाचे पैसे अडकून पडतात.

धनादेश लिहिणाऱ्यानेच मेळ घालू नये. ते काम दुसऱ्याकडे सोपवावे. तयार झालेले पत्रक संचालक मंडळाच्या सभेपुढे ठेवून त्यावर स्वाक्षरी घ्यावी व ते उताऱ्यासह जपून ठेवावे.