संशोधकाचे आकडे कसे वाचावेत?

नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ असो की लातूरचे त्याचे उपकेंद्र, संशोधकाचे काम जोखताना दोन आकडे हमखास पाहिले जातात: सायटेशन आणि एच-इंडेक्स. एखाद्या शोधनिबंधाचा संदर्भ दुसऱ्या निबंधाने दिला की एक सायटेशन जमा होते. एच-इंडेक्स 2005मध्ये भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी सुचवला. तो 12 असेल, तर 12 निबंधांना प्रत्येकी किमान 12 सायटेशन मिळालेली असतात.

या आकड्यांतून काम किती वापरले गेले, एवढेच कळते. प्रथिने मोजण्याची लाउरी पद्धत पाहा. नमुन्यात आधी तांब्याचे अल्कधर्मी द्रावण, मग फोलिन अभिकारक घालतात. निळा रंग जितका गडद, तितकी प्रथिने जास्त. ती मांडणाऱ्या 1951च्या निबंधाला तीन लाखांहून अधिक सायटेशन मिळाली, कारण जगभरच्या प्रयोगशाळांना ही पद्धत सतत लागत होती.

हे आकडे विषयागणिकही बदलतात. मेंदूविज्ञानात संशोधक पुष्कळ, म्हणून सायटेशनही भराभर वाढतात. मराठवाड्यातल्या वनस्पतींची नोंद करणाऱ्याचे वाचक मोजके. पण म्हणून त्याचे काम कमी मोलाचे ठरत नाही. तुलना एकाच विषयातल्या, सारख्या अनुभवाच्या संशोधकांचीच करावी. निवड समितीने उमेदवाराचे दोन-तीन निबंध तरी मुळातून वाचावेत.