नवा हेडफोन, पण आवाज फिका का?

समजा, शिरूर तालुक्यातील तळेगाव ढमढेरे येथील दहावीच्या एका विद्यार्थिनीने खाऊचे पैसे साठवून शिक्रापूरच्या दुकानातून नवा हेडफोन आणला. घरच्या संगणकाला तो जोडून तिने आवडीचे गाणे लावले आणि तिचा चेहरा उतरला. आवाज पोकळ, डग्ग्याचा घुमारा नाही, गायिका जणू दूरच्या खोलीत गात आहे! ‘वस्तू खराब निघाली’ असे घरातील सर्वांनी एकमताने ठरवून टाकले.

विद्यार्थी मित्रांनो, हा निकाल घाईचा आहे. गाण्याची फाइल, संगणकातील प्रोग्रॅम, आकड्यांपासून विद्युतसंकेत बनविणारे मंडल, पिन, तार, हेडफोनमधील वेटोळे व पडदा आणि शेवटी आपला कान, अशी ही एक साखळी आहे. यांतील कोणतीही कडी कच्ची असू शकते. सुदैवाने प्रत्येक दोष आवाजावर आपली वेगळी खूण ठेवतो. ती खूण ओळखायला शिकू या.

पहिली कसोटी अदलाबदलीची. तोच हेडफोन मोबाइलला लावा आणि तेच गाणे ऐका. मग दुसरा एखादा हेडफोन संगणकाला लावा. नवा हेडफोन मोबाइलवर चांगला वाजला, तर तो बहुधा निर्दोष आहे. दोष संगणकात किंवा जोडणीत शोधावा. मात्र एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर कशामुळे फरक पडला हे कळणार नाही. प्रयोगशाळेतला नियम इथेही तोच!

गाणारा नाहीसा होतो तेव्हा

वाद्ये ऐकू येतात, पण गाणाऱ्याचा आवाज जवळजवळ नाहीसा झालेला असतो. हा प्रकार चमत्कारिक वाटतो, पण त्याचे कारण सोपे आहे. हेडफोनच्या पिनेकडे नीट पाहा. काळ्या वळ्यांनी तिचे भाग पाडलेले दिसतील. टोकाचा भाग डाव्या कानाचा, त्यामागचा उजव्या कानाचा आणि त्यापुढचा दोघांचा सामाईक परतीचा मार्ग. माइक असलेल्या हेडफोनच्या पिनेला चौथा भागही असतो.

पिन पुरती आत गेली नाही, किंवा चार भागांची पिन तीन भागांसाठी केलेल्या सॉकेटात बसवली, तर कधी कधी हा परतीचा मार्गच तुटतो. मग दोन्ही कानांची वेटोळी एकसरीत जोडल्यासारखी होतात, आणि त्यांतून वाहणारा विद्युतप्रवाह डाव्या व उजव्या संकेतांमधील फरकावर अवलंबून राहतो. स्टीरिओ गाण्यात गायकाचा आवाज बहुधा दोन्ही बाजूंना सारखाच दिलेला असतो. सारख्या उंचीपर्यंत पाणी असलेल्या दोन टाक्या नळीने जोडल्या, तर नळीतून पाणी वाहत नाही. तसेच इथे होते. फरक शून्य, म्हणून प्रवाह शून्य, म्हणून गायक गायब!

१९५५ साली पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायण’ प्रथम प्रसारित होऊ लागले, तेव्हा आपल्याकडील ध्वनिमुद्रण एकमार्गी असे. अशा मुद्रणात दोन्ही बाजूंचा संकेत एकच असतो. परतीचा मार्ग तुटलेला असेल, तर असे जुने गाणे जवळजवळ सगळेच नाहीसे होईल. म्हणजे निदानासाठी ही उत्तम चाचणी झाली. उपाय असा, की पिन ‘टक’ होईपर्यंत आत दाबावी. तरीही जमले नाही, तर माइक व हेडफोन वेगवेगळे करणारी जोडतार वापरावी.

टेलिफोनसारखा आवाज

बिनतारी ब्लूटूथ हेडफोनची तक्रार वेगळी असते. गाणे चांगले चालू असते. ऑनलाइन तास सुरू झाला, की आवाज एकदम टेलिफोनसारखा होतो. संगणकातील ध्वनी म्हणजे आकड्यांची मालिका. ध्वनिलहरीची उंची दर सेकंदाला ठरावीक वेळा मोजून हे आकडे मिळतात. सेकंदाला जितकी मोजमापे, त्याच्या निम्म्याहून कमी वारंवारतेचेच ध्वनी त्यांत नोंदवता येतात. कॉम्पॅक्ट डिस्कसाठी सेकंदाला ४४,१०० मोजमापे घेतात, म्हणून २२,००० हर्ट्‌झपर्यंतचे ध्वनी त्यात मावतात.

हेडफोनचा माइक चालू झाला, की बहुतेक ब्लूटूथ हेडफोन संभाषणाच्या पद्धतीत जातात, कारण आता ध्वनी दोन्ही दिशांनी न्यायचा असतो. जुन्या संभाषण पद्धतीत मोजमापे सेकंदाला फक्त ८,००० असतात. सुधारलेल्या पद्धतीत १६,०००. ८,००० चे निम्मे ४,०००. ‘स’ आणि ‘श’ यांच्या उच्चारातील सळसळ आणि तंबोऱ्याच्या जवारीची झळाळी यांचा मोठा वाटा याहून वरच्या वारंवारतांत असतो. तो सारा गळून पडतो. उपाय सोपा आहे. संगणकाच्या ध्वनीविषयक सेटिंगमध्ये माइक म्हणून संगणकाचा स्वतःचा माइक निवडा.

घुमारा कुठे गेला?

आता डग्ग्याकडे वळू. १०० हर्ट्‌झच्या ध्वनीत पडदा एका दिशेने जायला सेकंदाचा दोनशेवा भाग घेतो. तेवढ्या वेळात कानाभोवतीच्या फटीतून हवा निसटते आणि दाब तयारच होत नाही. ५,००० हर्ट्‌झच्या ध्वनीत हाच अवधी सेकंदाचा दहाहजारावा भाग असतो. हवेला निसटायला सवड मिळत नाही. म्हणून फट असली, की खालचे स्वर हरवतात आणि वरचे टिकतात.

प्रयोग करा. दोन्ही हातांनी हेडफोन कानांवर हलकेच दाबा. घुमारा परत आला, तर दोष बसण्याचा आहे. चष्म्याची काडी, केस किंवा कानात घालायच्या रबरी टोपीचे चुकीचे माप, यांपैकी काहीतरी आड येत आहे.

आवाजच लहान

खोक्यावर ओहममध्ये लिहिलेला आकडा वाचा. एका व्होल्टला ३२ ओहमच्या वेटोळ्यात सुमारे ३१ मिलिवॉट शक्ती मिळते. ३०० ओहमच्या वेटोळ्यात जेमतेम ३. असे जास्त रोधाचे हेडफोन साध्या संगणकावर क्षीण वाजू शकतात. त्यांना वेगळा अँप्लिफायर लागतो.

दोन हेडफोनची तुलना करताना आवाजाची पातळी सारखी ठेवा. मंद आवाजात आपल्या कानाला खालचे स्वर फारच कमी जाणवतात, हे फ्लेचर व मन्सन यांनी १९३३ साली अमेरिकेत मोजून दाखवले. त्यामुळे मोठ्याने वाजणारा हेडफोन उगाचच ‘चांगला’ वाटतो.

आणि हाच धोका आहे. दोष न शोधता केवळ आवाज वाढवत नेला, तर किंमत कानाला मोजावी लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबल पातळीचा आवाज आठवड्याला ४० तास ऐकणे सुरक्षित आहे; ९० डेसिबलला ही मर्यादा फक्त ४ तासांवर येते. आतल्या कानातील नाजूक केशपेशी एकदा मेल्या, की पुन्हा उगवत नाहीत. हेडफोन बदलून मिळतो, कान नाही.

शाळेच्या संगणक कक्षात कोपऱ्यात टाकलेले ‘बिघडलेले’ हेडफोन असतील, तर शिक्षकांच्या परवानगीने त्यांची अशी तपासणी करा. प्रत्येकाची खूण, संभाव्य कारण आणि केलेला उपाय यांचा तक्ता वहीत मांडा. त्यांतले खरोखर बिघडलेले किती निघतात, ते पाहा.