दोष बंदुकीचा की काडतुसाचा?

आपल्या व्यापारी बंधूंपैकी बऱ्याच घरांत परवान्याची बंदूक असते. कोणाकडे वडिलांच्या वेळची, कोणाकडे बाजारातली रोकड सांभाळण्यासाठी घेतलेली, कोणाकडे शेताच्या राखणीची. बहुतेक वेळा ती बारा बोअरची दुनळी असते. वर्षातले अकरा महिने ती कपाटात पडून राहते आणि एखाद्या रात्री गरज पडली की चाप दाबल्यावर नुसता ‘खट्’ आवाज येतो. मग आपण म्हणतो, बंदूक बिघडली. आम्हीही तसेच म्हटले होते. त्या गैरसमजाने एके रात्री आमचा हात किंवा डोळा जायचा तो थोडक्यात वाचला. म्हणून हा विषय या पानावर मांडत आहोत.

डिसेंबर २०२२ ची गोष्ट. शेतात तूर उभी होती आणि रानडुकरांचा उपद्रव सुरू होता. परवाना आमच्या नावाचा, शेतीच्या आणि स्वतःच्या संरक्षणाचा. दुकानातली काडतुसे संपली होती. मरहूम वालिदसाहेबांच्या लोखंडी पेटीत जुनी दहा-बारा काडतुसे सापडली, ती घेऊन आम्ही शेतावर गेलो. पहिला बार ठीक गेला. दुसऱ्याला नुसता ‘खट्’. तिसऱ्या वेळी आवाज झाला, पण फटाका ओला असावा तसा दबका, ‘फुस्स’ असा. जनावरे हलली नाहीत. घाईत आम्ही दुसरे काडतूस भरायला घेतले. तेवढ्यात जिल्ह्याच्या गावातल्या बंदूक दुरुस्तीच्या दुकानातले उस्ताद नेहमी सांगत ते आठवले, “आवाज हलका आला की नळीत पाहिल्याशिवाय दुसरे भरायचे नाही.” बंदूक उघडली, रिकामी केली आणि मागच्या बाजूने बॅटरीचा उजेड टाकून पाहिले. उजव्या नळीतून पलीकडचे काहीच दिसेना. मध्यावर नमद्याचा डाट घट्ट बसला होता. त्यामागे दुसरे काडतूस उडाले असते तर नळी आमच्या डाव्या हाताखालीच फुटली असती.

दुसऱ्या दिवशी उस्तादांनी डाट काढला, नळी उजेडाकडे धरून फिरवून पाहिली आणि कोठे कडे पडल्यासारखी सावली दिसत नाही, म्हणजे नळी फुगलेली नाही, असे सांगितले. मग त्यांनी काडतुसे तपासली. त्यातली निम्मी कारखान्याची नव्हतीच. झाडलेल्या टरफलांत कोणीतरी फार वर्षांपूर्वी नवी टोपी, बारूद आणि छर्रे घालून ती हाताने पुन्हा भरली होती. आमची चूक येथेच झाली होती. वालिदसाहेबांच्या इंतकालानंतर बंदूक रीतसर आमच्या परवान्यावर आली, पण पेटीतली काडतुसे तशीच राहिली. ती तेव्हाच परवानाधारक दुकानात किंवा पोलीस ठाण्यात जमा करायला हवी होती. उरलेली आम्ही त्याच दिवशी जमा केली.

टोपीवरची खूण पाहा

कापडाच्या धंद्यात धागा वारंवार तुटू लागला की विणकर आधी विचार करतो, सूत कच्चे की माग बिघडलेला? बंदुकीचेही तसेच आहे. भरलेला माल आणि तो चालवणारे यंत्र या दोन गोष्टी वेगळ्या करून पाहाव्यात. उस्तादांनी शिकवलेली पहिली परीक्षा अगदी सोपी आहे. न उडालेल्या काडतुसाच्या बुडाला पितळी टोपी असते, तिच्यावर पिनेचा घाव पाहायचा. घाव खोल आणि बरोबर मध्यावर असेल तर बंदुकीने आपले काम केले, दोष काडतुसाचा. घाव उथळ किंवा एका बाजूला असेल तर आधी बंदूक तपासावी. पिनेचे टोक झिजलेले असते, स्प्रिंग मऊ पडलेली असते, आत मळ साचलेला असतो किंवा नळी आणि तिच्यामागची पोलादी भिंत यांत फट पडलेली असते. नळीखालचे पुढचे लाकूड काढून रिकामी नळी हलवली आणि ती सांध्यात डगमगली, तर ती फट आली असे समजावे. हे काम घरी दुरुस्त होण्यासारखे नाही.

एक सावधगिरी मात्र आहे. हाताने भरलेल्या काडतुसात टोपी जास्त आत बसवली गेली असेल, तर चांगल्या बंदुकीचा घावही उथळच दिसतो. म्हणून परीक्षा नेहमी कारखान्याच्या नव्या काडतुसाने करावी. दुनळीत पुढचा चाप उजव्या नळीचा आणि मागचा डाव्या नळीचा असतो. एकाच डब्यातली काडतुसे दोन्ही नळ्यांत वापरून पाहिली आणि एकीकडेच अडचण आली, तर दोष त्या बाजूच्या कळेत आहे. न उडालेले काडतूस मात्र पुन्हा झाडून पाहू नये.

‘खट्’ झाल्याबरोबर बंदूक उघडायचीही घाई करू नये. टोपी ओलसर असेल तर ठिणगी उशिरा पोहोचते आणि बार दोन-चार क्षणांनी उडतो. नळीचे तोंड निर्धोक दिशेला ठेवून निदान एक मिनिट थांबावे आणि मगच उघडावे. एक मिनिटात आपले काय बिघडते?

पुन्हा भरलेले काडतूस स्वस्त का पडत नाही

अमेरिकेत झाडलेली टरफले घरी पुन्हा भरणे हा कायदेशीर छंद आहे. त्यासाठी तेथे साचे, वजनकाटे आणि कोणत्या बारुदाचे किती वजन घ्यावे याची छापील कोष्टके मिळतात. इतके असूनही तेथल्या लोकांना कधी टोपी न उडणे, कधी टरफल अडकणे, कधी बार हलका जाणे या तक्रारी भेडसावतात. आपल्याकडे हे काम चोरून, मापट्याने आणि अंदाजाने होते.

एकदा झाडलेल्या टरफलाचे पितळी बूड थोडे पसरते. साच्यातून पुन्हा आवळले नाही तर ते नळीत घट्ट बसते, बंदूक नीट मिटत नाही आणि झाडल्यावर टरफल बाहेर निघत नाही. टोपीचे भोक सैल झाले तर गरम वायू मागे पिनेकडे फुटतो. कागदी टरफल पावसाळ्यात फुगते. पण सर्वांत मोठा धोका बारुदाचा. जुनी काळी बारूद मापाने भरली जाई. धूरविरहित बारूद त्याच मापाने भरली तर जोर कित्येक पटींनी वाढतो आणि नळी फुटते. डोळ्याने पाहून काडतुसात कोणती बारूद आहे हे बाहेरून ओळखता येत नाही. ज्या मालाच्या आत काय आहे हे विकणाराही सांगू शकत नाही, तो माल शहाणा व्यापारी कितीही स्वस्त मिळाला तरी घेत नाही.

कारखान्याचा मालही पाहून घ्यावा. जुन्या विलायती बंदुकांची काडतुसाची जागा बहुधा ६५ मिलिमीटरची असते आणि आजची बरीच काडतुसे ७० मिलिमीटरची. न झाडलेले काडतूस आखूड असल्याने आत बसते, पण झाडल्यावर त्याचे तोंड उघडून नळीच्या अरुंद भागात जाते आणि दाब वाढतो. नळीच्या बुडावरच्या छापांत धूरविरहित बारुदाची चाचणी झाल्याची खूण आहे का, तेही जाणकाराकडून पाहून घ्यावे. दमास्कसच्या म्हणजे पट्ट्या गुंडाळून घडवलेल्या नळ्या काळ्या बारुदाच्या काळातल्या आहेत, त्या भिंतीवरच शोभतात. घरात वीस बोअरचीही बंदूक असेल तर दोन्हींची काडतुसे एका पिशवीत कधीही ठेवू नयेत. वीसचे काडतूस बाराच्या नळीत घसरून पुढे अडकते. मागून बाराचे भरले की नळी फुटलीच.

खोबरेल, गिलाफ आणि गंज

काडतुसे बदलली, तरी आमचा त्रास संपला नाही. जानेवारीत पहाटेच्या थंडीत उजवी नळी पुन्हा चुकली. काडतूस कारखान्याचे, नवे. टोपीवरचा घाव उथळ. आता दोष बंदुकीचाच होता. उस्तादांनी कळ खोलली आणि बोटाने पांढरट लोणी काढून दाखवले. आम्ही वर्षानुवर्षे प्रेमाने घातलेले खोबरेल तेल होते ते! खोबरेल सुमारे २४ अंशांच्या खाली गोठते. दुपारी दुकानात चालणारी पिन पहाटे शेतात त्या तुपात अडकत होती. खाण्याची इतर तेलेही हवेने चिकट होतात. शिलाई मशीनचे पातळ तेल थेंबभर पुरते. टोपी बसते त्या भागी तेल साचू देऊ नये, कारण ते टोपीत मुरले तर काडतूसच निकामी होते.

दुसरी चूक तर आमच्या धंद्यालाच लाजवणारी होती. बंदूक आम्ही जाड सुती गिलाफात ठेवत असू. सर्वसाधारण हवेत सूत आपल्या कोरड्या वजनाच्या शेकडा साडेआठ भाग ओल धरून असते, हे आम्ही गाठी विकताना रोज सांगतो. पावसाळ्यात ती आणखी वाढते. म्हणजे आम्ही लोखंडाला ओल्या कापडात लपेटून ठेवत होतो. चामड्याच्या पेटीचेही तेच. बंदूक उघडी, कोरड्या, कुलूपबंद कपाटात ठेवावी, काडतुसे वेगळ्या कुलपात. पावसाळ्यात महिन्यातून दोनदा बाहेर काढून पुसावी.

साफसफाईची रीत अशी. प्रथम दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत हे डोळ्याने आणि बोटाने पाहावे. मग गजाला चिंधी लावून मागून पुढे ओढावी, कोरडी निघेपर्यंत. कोरे मांजरपाट वापरू नये, त्यात खळ असते. धुऊन मऊ झालेली जुनी मलमल उत्तम. काळी बारूद झाडली असेल तर नुसते तेल पुरत नाही. तिची राख ओल ओढते आणि मीठ पाण्यानेच विरघळते. नळ्या सुट्या करून गरम पाणी घालावे, पूर्ण वाळवाव्यात आणि मग तेलाचा हात फिरवावा.

जमा केलेली बंदूक

निवडणूक आली की छाननी समितीच्या आदेशाप्रमाणे परवानाधारकांना शस्त्र जमा करावे लागते. २०२४ मध्ये लोकसभा आणि विधानसभा अशा दोन निवडणुका आल्या. पहिल्या वेळी आमची बंदूक जूनच्या पावसात परत मिळाली ती गोणपाटात, आणि डाव्या नळीत तांबूस गंज. ठाण्याचे नाव लिहीत नाही, तेथल्या शिपायाकडे शेकडो शस्त्रे आणि एकच खोली होती. दुसऱ्या वेळी आम्ही देतानाच नळ्यांना आत-बाहेर तेल लावले, पावतीवर क्रमांकासोबत स्थिती लिहून घेतली आणि परत मिळाल्यावर तेथेच नळीत पाहिले. आदेश मुभा देत असेल तर परवानाधारक दुकानदाराकडे ठेवणेही बरे.

कारागीर बंधूंना एक विनंती

लेथवाले, वेल्डिंगवाले, मागाचे मिस्त्री यांच्याकडे कोणी ओळखीचा माणूस पिन घासायला किंवा स्प्रिंग बसवायला बंदूक घेऊन येतो. “पाच मिनिटांचे काम आहे,” म्हणतो. भिडेखातर हात लावू नये. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे शस्त्र किंवा दारूगोळा बनवायलाच नव्हे, तर दुरुस्त करायलाही परवाना लागतो, आणि रिकामे टरफल भरणे म्हणजे दारूगोळा बनवणेच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर या गुन्ह्याला कमीत कमी सात वर्षे आणि जास्तीत जास्त जन्मठेप आहे. ग्राहक घरी जाईल, खटला कारागिराच्या गळ्यात पडेल. मुलेबाळे आणि हलाल रोजी एका स्प्रिंगपायी पणाला लावू नयेत. त्याच दुरुस्तीने सार्वजनिक ठिकाणी, लग्नात किंवा मिरवणुकीत हवेत बार काढणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही ठेवले आहे, हेही शादीवाल्या घरांनी ध्यानात घ्यावे.

आमचे उस्ताद आता सत्तरीच्या पुढे आहेत. त्यांची मुले दुसऱ्या कामात गेली. टोपीवरचा घाव पाहून सगळा बिघाड सांगणारा माणूस आमच्या जिल्ह्यात दुसरा आम्हाला माहीत नाही. ज्यांच्या घरी बंदूक आहे त्यांनी तिला वर्षातून एकदा, पावसाळा संपताच, अशा परवानाधारक हाताखालून काढावी. त्याची मजुरी बाजारात सर्वांत वसूल होणारी मजुरी आहे. ज्यांना आता बंदुकीची गरजच उरली नाही, त्यांनी ती रीतसर विकून किंवा जमा करून टाकावी. घरातली बंदूक ही अमानत आहे. अल्लाहवर भरवसा ठेवावाच, पण भरण्याआधी नळीतही पाहावे.