जुन्या कॅमेऱ्याची नवी बॅटरी

आमच्या शाळेच्या विज्ञानमंडळाच्या कपाटांत कॅनन कंपनीचा 'ईओएस ३० डी' या नांवाचा एक डिजिटल कॅमेरा आहे. हा नमुना २००६ सालीं बाजारांत आला. एका माजी विद्यार्थ्यानें आपला वापरलेला कॅमेरा कांहीं वर्षांपूर्वी शाळेस भेट दिला. त्यांतून निघणारें छायाचित्र सुमारें ब्याऐंशी लक्ष बिंदूंचें असतें. हल्लींच्या कॅमेऱ्यांपुढें हा आंकडा लहान वाटेल. परंतु या वार्षिकाचें अख्खें पान छापावयास तो पुरून उरतो.

गतवर्षींच्या स्नेहसंमेलनांत, एकतीस वर्षें शाळेची सेवा करून निवृत्त होणाऱ्या शिपाईमामांचा सत्कार होता. मुख्याध्यापक शाल घेऊन पुढें झाले, आणि त्याच क्षणीं कॅमेरा बंद पडला. सकाळींच पूर्ण भरून घेतलेली बॅटरी उण्यापुऱ्या चाळीस छायाचित्रांत संपली होती. कोणाच्या तरी मोबाईलवर एक अंधुक चित्र आलें, पण तें छापण्याजोगें नव्हतें. त्यामुळें मागील अंकांत सर्व पाहुण्यांचीं छायाचित्रें आलीं. शिपाईमामांचें तेवढें राहून गेलें. ही चुटपुट आम्हांस लागून राहिली व तिच्यामुळेंच या विषयाचा आम्हीं थोडाबहुत अभ्यास केला. त्याचें सार आमच्या विद्यार्थिमित्रांपुढें ठेवावें, या हेतूनें हा लेख लिहीत आहों.

प्रथम, बॅटरी म्हातारी कां होते तें पाहूं. या कॅमेऱ्याच्या बॅटरींत लिथियम-आयन जातीचे दोन घट असतात. प्रत्येक घटांत एका बाजूस ग्राफाईट, दुसऱ्या बाजूस लिथियम व कोबाल्टसारख्या धातूचें ऑक्साईड, आणि मध्यें सेंद्रिय द्रवांत भिजलेला सच्छिद्र पडदा असतो. बॅटरी भरतांना लिथियमचे आयन ऑक्साईडांतून निघून ग्राफाईटच्या थरांत जाऊन बसतात. ती वापरतांना ते परत आपल्या घरीं येतात. अशा ऑक्साईडचा उपयोग १९८० सालीं ऑक्सफर्ड येथें जॉन गुडइनफ यांनीं दाखवून दिला. १९८५ सालीं जपानांत अकिरा योशिनो यांनीं त्यास कार्बनची जोड दिली. आणि १९९१ सालीं सोनी कंपनीनें हा घट बाजारांत आणला. या दोघांस व त्यांच्या आधीं या कामाचा पाया घालणारे स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांस मिळून २०१९ सालचें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक देण्यांत आलें.

आयनांची ही येजा कायमची निर्वेध चालत नाहीं. प्रत्येक खेपेस थोडे आयन आडवाटेच्या रासायनिक क्रियांत अडकून पडतात, ग्राफाईटवरील पातळ थर जाड होत जातो, आणि घटाचा अंतर्गत रोध वाढतो. मग कॅमेऱ्यानें आरसा उचलण्यास किंवा भिंग हालविण्यास एकदम जास्त प्रवाह मागितला, कीं विद्युद्दाब घसरतो व कॅमेरा समजतो कीं बॅटरी संपली. आमची बॅटरी भर समारंभांत अशीच बसली. ध्यानांत ठेवण्याची गोष्ट ही, कीं घट न वापरतां ठेवला तरी त्याचें वय वाढतच असतें; उष्णतेनें व पूर्ण भरून ठेवल्यानें तर तें अधिक वेगानें वाढतें.

आतां नवी बॅटरी घ्यावयाची तर बाजारांत तीन प्रकार आढळतात. पहिला, मूळ कंपनीची. दुसरा, अन्य उत्पादकानें त्याच आकाराची बनवून आपल्या स्वतःच्या नांवानें विकलेली, जिला दुकानदार 'कंपॅटिबल' म्हणतात. तिसरा, अन्य कोणी बनवून तिच्यावर मूळ कंपनीचें नांव छापलेली. दुसरी व तिसरी एकच, असें पुष्कळ लोक मानतात. तें योग्य नव्हे. दुसरा मनुष्य आपल्या नांवानें आपला माल विकतो व त्याची जबाबदारी घेतो. तिसरा प्रथम नांवच चोरतो. ज्यानें वेष्टनावर खोटें लिहिलें, त्यानें आंत खरें काय घातलें असेल?

उलट, मूळ कंपनीची बॅटरी म्हणजे डोळे झांकून घ्यावी, असेंही नाहीं. जुन्या कॅमेऱ्याची बॅटरी दुकानांत कित्येक वर्षें पडून राहिलेली असूं शकते, आणि वर सांगितल्याप्रमाणें ती तेथेंच म्हातारी होत असते. अशा वेळीं एखाद्या भल्या उत्पादकाची ताजी बॅटरी अधिक उपयोगाची ठरते. मूळ कंपन्यांस हें नेहमींच रुचतें असें नव्हे. २००९ सालीं पॅनासॉनिक कंपनीनें आपल्या कांहीं कॅमेऱ्यांच्या अंतर्गत आज्ञावलींत असा बदल केला, कीं इतरांची बॅटरी ओळखून ती नाकारली जावी. कारण सुरक्षिततेचें देण्यांत आलें. तें कारण पोकळ नव्हतें, हें आम्हीं पुढें अनुभवानें शिकलों. पण त्यामुळें चांगला व वाईट असे दोन्ही उत्पादक एकाच दाव्यानें बांधले गेले, हेंही खरें.

आम्हीं प्रथम चूक केली ती आंकड्याला भुलून. आमच्या जुन्या बॅटरीवर ७.४ व्होल्ट व १३९० मिलिअँपिअर-तास असें लिहिलेलें होतें. दुकानांत मिळालेल्या एका स्वस्त बॅटरीवर २२०० छापलें होतें. एका विद्यार्थ्यानें विचारलें, "सर, आंकडा मोठा म्हणजे बॅटरी मोठी ना?" आम्हींही मान डोलावली. वास्तविक थोडें गणित केलें असतें तर फसलों नसतों. दोन घट एकापुढें एक जोडले, कीं प्रत्येकाचे ३.७ व्होल्ट मिळून ७.४ होतात, मिलिअँपिअर-तास मात्र वाढत नाहींत. ७.४ ला १.३९ नें गुणिलें म्हणजे सुमारें १०.३ वॅट-तास इतकी शक्ति त्या डबींत मावते. याच आकाराच्या डबींत कॅननची आधींची बॅटरी ११०० ची होती. ती १३९० वर नेतांना मूळ कंपनीनेंही केवळ चौथाईच मजल मारली. तेवढ्याच जागेंत कोणी एकदम २२०० भरल्याचें सांगतो, तेव्हां पुरावा त्यानें दिला पाहिजे.

ती बॅटरी भरून ठेवण्यास आम्हीं नववींतील एका मुलास घरीं नेण्यास सांगितलें. दुसऱ्या दिवशीं तो सहज म्हणाला, "सर, बॅटरी फार तापली होती. हात लावतां येईना, म्हणून रात्रीं मीं बटण बंद करून ती बाहेर काढून ठेवली." त्याचें घर एका खोलीचें. चार्जर पलंगाशेजारीं, व पलंगावर धाकटीं भावंडें निजलेलीं. हें ऐकून आमच्या अंगावर कांटा आला. मुलानें शहाणपण दाखविलें म्हणून निभावलें; तें शहाणपण दाखविणें खरें पाहतां आमचें काम होतें.

चांगल्या बॅटरींत घटांखेरीज एक लहानशी संरक्षक पट्टी असते. घट प्रमाणाबाहेर भरूं लागला, अगदीं रिकामा होऊं लागला किंवा दोन टोकें एकमेकांस भिडलीं, तर ती प्रवाह तोडते. कित्येक बॅटऱ्यांत तापमान कळविणारें एक निराळें टोंकही असतें. किंमत उतरविण्यासाठीं जो काटछाट करतो, त्याची कातर प्रथम येथेंच चालते, आणि बाहेरून तें दिसत नाहीं.

मग ओळखावें कसें? आम्हीं पुढील रीतीनें चाललों. एक, प्रयोगशाळेच्या तराजूंत जुनी व नवी बॅटरी तोलून पाहिली. २२०० ची ती बॅटरी जुनीहून स्पष्टपणें हलकी भरली. वजन कमी असून शक्ति दीडपट, हें संभवनीय नव्हे. दोन, भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी पाहिली. अशा बॅटऱ्यांना आपल्या देशांत आय. एस. १६०४६ या मानकाप्रमाणें नोंदणी सक्तीची आहे, व तिचा 'आर' अक्षरानें सुरू होणारा क्रमांक बॅटरीवर असावा लागतो. तीन, उत्पादकाचें नांव, पत्ता व निर्मितीची तारीख वाचली. चार, प्रथम तीन वेळां बॅटरी दिवसा, शाळेंत, फरशीवर ठेवून डोळ्यांदेखत भरली. कोमट होणें स्वाभाविक. हात लावतां न येणें धोक्याचें. पांच, पूर्ण भरल्यावर मापकानें विद्युद्दाब मोजला. प्रत्येक घटाचे ४.२ याप्रमाणें तो सुमारें ८.४ व्होल्ट भरला पाहिजे. सहा, एका भरण्यांत किती छायाचित्रें निघतात तें वहींत टिपलें. या कसोट्यांस उतरलेली, अन्य उत्पादकाची पण आपल्या नांवानें विकली जाणारी बॅटरी आम्हांस मूळ बॅटरीच्या सुमारें तिसऱ्या हिश्शाच्या किंमतींत मिळाली. तिच्यावर १४०० लिहिलें आहे, अधिक नाहीं.

आतां निगेविषयीं दोन शब्द. बॅटरी प्रत्येक वेळीं पूर्ण रिकामी करून मगच भरावी, हा जुन्या निकेल-कॅडमियम घटांचा नियम होता. लिथियम-आयनास तो लागू नाहीं, उलट अपायकारक आहे. सुटींत ठेवावयाची तर निम्मी भरून, कॅमेऱ्याबाहेर, थंड व कोरड्या जागीं ठेवावी. विमानप्रवासांत सुटी बॅटरी टोकें झांकून हातांतील पिशवींत न्यावी, सामानांत टाकूं नये. फुगलेली बॅटरी टोंचूं अथवा दाबूं नये. निकामी झालेली बॅटरी कचऱ्यांत टाकूं नये. २०२२ च्या नियमांप्रमाणें ती परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, तेव्हां ती संकलन केंद्राकडेच द्यावी. आमच्या दोन्ही टाकाऊ बॅटऱ्या टोकांस चिकटपट्टी लावून आम्हीं तशाच दिल्या.

एक बॅटरी बदलल्यानें एक उत्तम यंत्र भंगारांत जाण्यावांचून वांचतें, हा लाभ लहान नव्हे. परंतु स्वस्त आणि काटकसरीचें यांत अंतर आहे, व तें अंतर तराजू, मापक आणि थोडें गणित यांनीं मोजतां येतें, हें आमच्या विद्यार्थ्यांनीं मनांत ठसवावें. यापुढें शाळेची कोणतीही बॅटरी कोणत्याही मुलाच्या घरीं भरण्यास दिली जाणार नाहीं, हा नियम आम्हीं स्वतःस घालून घेतला आहे.

या वर्षीं शिपाईमामांस पुन्हां बोलावणें धाडलें. तीच शाल खांद्यावर घेऊन ते आले, आणि शाळेच्या फाटकाशीं, जेथें त्यांनीं एकतीस वर्षें घंटा दिली तेथें, त्यांचें छायाचित्र घेतलें. तें याच अंकांत अन्यत्र छापलें आहे.